डान्स ट्रॅकसाठी पियानो मेलडी: स्केल कुठलं घ्यायचं आणि मग त्याचं करायचं काय

स्केल पाठ असतं, सात पट्ट्या कुठल्या तेही माहीत असतं, आणि तरी पियानो रोल (सॉफ्टवेअरमधली सूर मांडायची जाळी) उघडून जे काही बनतं ते रियाजासारखं वाजतं, वर जातं, खाली येतं आणि लक्षात काहीच राहत नाही. कारण स्केल तुम्हाला एवढंच सांगतं की कुठल्या पट्ट्या चालतील. त्यातली कुठली पट्टी कुठल्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर) आणि बीटच्या कुठल्या जागी पडणार हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि डान्स म्युझिकमधली अर्धीअधिक गंमत तिथेच आहे, कारण तीच चार बारची (बार म्हणजे चार ठोक्यांचा तुकडा) ओळ पाच-सहा मिनिटं फिरणार असते आणि तरी माणूस नाचत राहायला हवा. म्हणून स्केलबद्दल लागतं तेवढंच बोलू आणि बाकी वेळ सूर बसवायचे कुठे यावर घालवू.

ए मायनर पकडा, बाकीचं नंतर

सगळं आधी ए मायनरमध्येच करायचं. पेटी वाजवणाऱ्यांनी पांढरी सहा समजा. तिला सा धरा आणि तिथून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर जा, ए बी सी डी ई एफ जी आणि परत ए, झालं नॅचरल मायनर. सेमीटोनमध्ये, म्हणजे काळ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतरात, मोजलं तर अंतरं येतात २-१-२-२-१-२-२, आणि हा आकडा मात्र पाठ करा कारण त्याच्या जोरावर कुठल्याही पट्टीपासून हेच स्केल मोजून काढता येतं. ज्यांनी थोडंफार शास्त्रीय शिकलंय त्यांच्या कानाला हा सरळ आसावरी थाट लागेल, ग ध नी कोमल, आणि ते बरोबरच आहे. फक्त थाट ओळखीचा निघाला म्हणून लगेच आलाप घ्यायला जाऊ नका. इथे खाली दर बारला कॉर्ड बदलते आणि त्यामुळे एकच सूर कधी घरी असल्यासारखा वाटतो तर कधी परका, रागात सा जसा अढळ बसलेला असतो तसं इथे होत नाही.

मायनरच का, तर मेजर चालत नाही असं अजिबात नाही, पियानो हाऊसमध्ये (हाऊस हा डान्स म्युझिकचा एक प्रकार) मेजर भरपूर सापडतं. पण ए मायनर आणि सी मेजरच्या पट्ट्या सातही त्याच आहेत, त्यामुळे ए मायनरच्या लूपमध्ये, म्हणजे परत परत फिरणाऱ्या तुकड्यात, सी, एफ आणि जी या तीन मेजर कॉर्ड फुकटात मिळतात आणि उदास-आनंदी असं दोन्ही एकाच चार बारमध्ये बसवता येतं. रात्री दोन वाजता फ्लोअरवर जे 'रडू येतंय पण नाचायचंय' असं होतं ना, ते बरंचसं इथून येतं.

आता एकेक पट्टी बदलून चव कशी बदलते ते पटकन बघू. एफच्या जागी एफ शार्प (त्याच्या लगेच वरची काळी पट्टी) घ्या, डोरियन झालं, आपला काफी थाट. त्याने डी मायनर कॉर्डची डी मेजर होते, आणि ए मायनर, डी मेजर, ए मायनर, डी मेजर अशा दोनच कॉर्ड फिरवत ठेवल्या तरी डीप हाऊसचा तो थोडा उजळ, थोडा धुरकट मूड तयार होतो. बीच्या जागी बी फ्लॅट (त्याच्या लगेच खालची काळी पट्टी) घेतला तर फ्रिजियन, म्हणजे भैरवीचे सूर, टेक्नो आणि सायट्रान्सवाल्यांचं लाडकं, पण त्यात पियानोपेक्षा सिंथची रिफ जास्त शोभते असं माझं मत. जीच्या जागी जी शार्प म्हणजे हार्मोनिक मायनर, किरवाणीचे सूर. हे वापरताना जरा हात राखून. जी शार्प आला की खालची ई कॉर्ड मेजर होते आणि ती 'ए'कडे इतक्या जोरात ओढते की वाक्य संपलं असं कानाला स्पष्ट कळतं. ट्रान्सच्या ब्रेकडाऊनमध्ये, म्हणजे ड्रम्स थांबतात त्या भागात, आठव्या किंवा सोळाव्या बारला एकदा वापरा, अंगावर काटा येईल. दर चार बारला वापरलात तर दर चार बारला गाणं संपतंय असं वाटत राहील, आणि लूपचा जीवच जातो.

सात पट्ट्या जड वाटत असतील तर त्यातून बी आणि एफ काढून टाका. उरतात ए सी डी ई जी, मायनर पेंटाटोनिक, धानी रागाचे सूर. नवशिक्याला हेच का द्यायचं याला कारण आहे. ए मायनरमध्ये एकमेकींना अगदी चिकटलेल्या जोड्या दोनच, बी-सी आणि ई-एफ. त्यातली एकेक पट्टी गेली की कुठलेही दोन सूर एकावर एक पडले तरी कर्कश होत नाहीत. आणि डान्स म्युझिकमध्ये सूर एकावर एक पडतातच, कारण पियानोवर डिले (पडसाद) आणि रिव्हर्ब (घुमारा) असतो, आधीचा सूर अजून हवेत असतो तोवर पुढचा येतो.

कॉर्ड: हात कमी हलवा

कॉर्ड बनवायची पद्धत सोप्पी, स्केलमधली एक पट्टी धरा, पुढची सोडा, त्यापुढची धरा, पुढची सोडा, त्यापुढची धरा. ए-सी-ई म्हणजे ए मायनर, एफ-ए-सी म्हणजे एफ मेजर, असं करत ए, डी, ई या तीन मायनर निघतात आणि सी, एफ, जी या तीन मेजर. बीवरची कॉर्ड डिमिनिश्ड निघते, तिला सध्या विसरा.

सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला लूप म्हणजे ए मायनर, एफ, सी, जी. वापरा बिनधास्त, त्यात कमीपणा काही नाही. पण एकदा एफ, जी, ए मायनर, ई मायनर हा वाजवून बघा. यात सुरुवात घरापासून होतच नाही, ए मायनर तिसऱ्या बारला येते, जरा टेकल्यासारखं वाटतं आणि लगेच ई मायनर उठवते. त्यामुळे हा लूप कुठेच पूर्ण झाला असं वाटत नाही, तो पुढे ढकलतच राहतो, आणि सहा मिनिटांच्या ट्रॅकला नेमकं तेच हवं असतं.

आता खरा मुद्दा. पियानो रोलमध्ये लोक कॉर्डचा एकच आकार कॉपी करून वर-खाली सरकवतात, तळाला नेहमी मूळ सूर, त्यामुळे कॉर्ड बदलली की अख्खा पियानो उडी मारतो आणि ऐकताना शिकाऊ वाटतं. त्याऐवजी इन्व्हर्जन वापरा, म्हणजे सूर तेच पण त्यांचा क्रम असा लावायचा की प्रत्येक बोट कमीत कमी हलेल. ए मायनर, एफ, सी, जी हा लूप असा मांडा, खालून वर वाचा:

ए मायनर: ए, सी, ई
एफ: ए, सी, एफ
सी: जी, सी, ई
जी: जी, बी, डी

पहिल्यापासून दुसरीवर जाताना फक्त ई एक सेमीटोन वर गेला, बाकी दोन बोटं जागेवर. दुसरीतून तिसरीत सी जागेवर, तिसरीतून चौथीत जी जागेवर, आणि जे हलले ते एक किंवा दोन सेमीटोनच. आता वरच्याच सुरांची ओळ नुसती गुणगुणून बघा, ई एफ ई डी. ही चक्क एक छोटी चाल आहे, तुम्ही मेलडी लिहायला बसण्याआधीच तयार झालेली. कॉर्डच्या डोक्यावर कुठला सूर बसतो तिथे कान आधी जातो, म्हणून मेलडी सुचत नसेल तेव्हा नवं काही शोधण्यापेक्षा इन्व्हर्जन बदलून बदलून वरची ओळ ऐकायची.

तीन सुरांच्या कॉर्डवर चौथा चढवला की हाऊसचा रंग येतो. ए मायनरवर जी ठेवा, ए मायनर सेव्हन. एफवर ई ठेवा, एफ मेजर सेव्हन. हाऊसमध्ये आणखी एक प्रकार सर्रास चालतो, एकच मायनर सेव्हन कॉर्ड सॅम्पल करायची, म्हणजे रेकॉर्ड करून ठेवायची, आणि ती एका बोटाने कीबोर्डवर कुठेही वाजवायची. आकार तोच राहतो, नुसता वर-खाली सरकतो, त्यामुळे ए मायनर सेव्हननंतर जी मायनर सेव्हन येते आणि त्यात बी फ्लॅट असतो जो आपल्या स्केलमध्ये नाहीच. तरी खटकत नाही, कारण कान त्या आकाराला एकच वाद्य समजून ऐकतो. आता तुम्ही म्हणाल वर एवढा इन्व्हर्जनचा उपदेश केला आणि इथे उलटंच सांगताय, तर हो, इथे ती उडीच स्टाइल आहे, आणि ती मुद्दाम केलेली ऐकू येते हाच फरक. अशा कॉर्डवर मेलडी मात्र कमीत कमी ठेवा, दोन्ही कॉर्डमध्ये असलेला सूर शोधा, इथे तो जी आहे, आणि त्याच्या आसपासच खेळा.

सोळा घरांचा हिशोब

एका बारची सोळा घरं. चार-चारच्या बीटमध्ये किक (ड्रम्समधला जड ठोका) पडते १, ५, ९, १३ वर. ओपन हॅट (उघड्या झांजेचा आवाज) ३, ७, ११, १५ वर. पियानोची कॉर्ड पण जर किकबरोबरच टाकली तर मार्चिंग बँड तयार होतो, नाच होत नाही. म्हणून कॉर्ड तीन-तीन घरांच्या अंतराने टाका आणि शेवटी हिशोब जुळवायला दोन-दोन घ्या, म्हणजे १, ४, ७, १०, १३, १५. पहिली किकवर पडते, मग तीन वेळा किक चुकवून पडते, मग १३ वर परत गाठ पडते. ती चुकामूक आणि ती गाठ, पियानो हाऊसचा धक्का म्हणतात तो हाच. सगळ्या कॉर्ड आखूड ठेवा, फार तर दोन घरांच्या, मधे श्वास राहू दे. वेलॉसिटी (सूर किती जोरात वाजतो तो आकडा) सगळ्यांची सारखी ठेवू नका, पहिली ११० च्या आसपास आणि बाकीच्या ८० ते ९५ मध्ये कमीजास्त.

या आवाजाचा इतिहास थोडक्यात सांगतो कारण तो कामाचा आहे. हाऊस म्युझिक शिकागोत ऐंशीच्या दशकात घडलं, आणि तिथे पियानोला पुढे आणणाऱ्यांमध्ये मार्शल जेफरसनचं नाव घेतात, त्याचा १९८६ चा ट्रॅक त्यासाठीच ओळखला जातो. मजा म्हणजे त्याला स्वतःला पियानो धड वाजवता येत नव्हता, टेम्पो खूप कमी करून तो हळूहळू वाजवून घेतला आणि मग वेग वाढवला, असं त्यानेच सांगितलंय. तुमच्याकडे छोटा मिडी कीबोर्ड असेल तर हेच करा, प्रोजेक्ट ६० बीपीएमवर (मिनिटाला ६० ठोके) आणा, निवांत वाजवा, परत १२४ वर न्या. माऊसने टाकलेल्या नोट्सपेक्षा त्यात जास्त जीव येतो. मग १९८८ मध्ये कॉर्ग एम वन नावाचा कीबोर्ड आला आणि त्यातला पियानोचा एक आवाज नव्वदच्या आसपासच्या हाऊसमध्ये सगळीकडे ऐकू यायला लागला. खरा पियानो म्हणून तो आवाज काही खास नाही, पण कडक आहे, चमकदार आहे आणि ड्रम्सच्या गर्दीतून आरपार ऐकू येतो. म्हणून स्टॅब, म्हणजे वरच्यासारख्या आखूड कॉर्ड, वाजवायचे असतील तर भारीतला ग्रँड पियानो लोड करण्यापेक्षा असा पातळ, टणक आवाज घ्या. मऊ ग्रँड ब्रेकडाऊनसाठी ठेवा, जिथे ड्रम्स थांबतात.

आता मेलडी

आधी एक प्रयोग करा. वरचा ए मायनर, एफ, सी, जी लूप चालू ठेवा आणि वर एकच ई चारही बार दाबून धरा. ए मायनरवर तो पाचवा सूर आहे, शांत, भक्कम. एफवर तोच मेजर सेव्हन होतो आणि एकदम हुरहूर लागते. सीवर तो तिसरा सूर, गोड आणि उघडा. जीवर सहावा, जरा तरंगता. बोट हललं नाही आणि चार वेगवेगळे अर्थ निघाले. डान्स मेलडी लिहिताना हे एवढं एक डोक्यात पक्कं बसलं तर बाकी थेअरी हळूहळू आली तरी चालेल, कारण यातूनच पुढची युक्ती निघते: मेलडी बदलू नका, खालची कॉर्ड बदलू द्या.

करून बघू. पहिल्या बारला, ए मायनरवर, घर १ ला ई, ४ ला डी, ७ ला सी, ११ ला परत ई. दुसऱ्या बारला, एफवर, अगदी तेच, एकही नोट हलवायची नाही. तिसऱ्या बारला, सीवर, परत तेच, फक्त शेवटचा ई काढून तिथे वरचा जी. चौथ्या बारला, जी कॉर्डवर, घर १ ला डी, तो लांब धरायचा, आणि ११ ला खालचा बी. बस. वापरलेले सूर पाच, त्यातला बी एकदाच, शेवटी. तीनदा तेच वाक्य ऐकल्यामुळे ते डोक्यात बसतं, तिसऱ्यांदा जीवर उडी मारल्यामुळे कान उचलला जातो, आणि शेवटचा बी सी आणि एच्या मधे लटकत राहतो त्यामुळे लूप परत सुरू व्हावाच लागतो. आठ बारचा भाग करायचा असेल तर दुसऱ्या फेरीत तिसऱ्या बारचा जी सोडू नका, चौथ्या बारमध्ये ओढत न्या आणि ११ व्या घरात डीवर उतरा. एवढा बदल पुरतो. दर चार बारला नवीन काहीतरी पाहिजेच असा हट्ट धरणाऱ्यांचे ट्रॅक ऐकून झाल्यावर त्यातलं काहीच गुणगुणता येत नाही.

लक्ष द्या, घर १ वर प्रत्येक वेळी जोरकस सूर आहे, आणि डीसारखा कॉर्डबाहेरचा सूर ४ वर, किक चुकवून, जाता जाता येतो. हा ढोबळ नियम ठेवा: बारच्या पहिल्या घरात कॉर्डमधला सूर किंवा तिचा सेव्हन, बाकी घरांत स्केलमधलं काहीही. नियम पाठ झाला की तो मोडायची एक छान जागा आहे. ए मायनर चालू असताना पहिल्याच घरात बी ठेवा आणि ४ थ्या घरात सीवर जा. किंवा सी कॉर्डवर आधी एफ आणि मग ई. चुकीचा सूर जोरात पडतो आणि लगेच शेजारी सरकून बरोबर होतो, त्यातून जो उसासा निघतो तो ट्रान्सच्या पियानोत फार चालतो. पेंटाटोनिकमधून आपण बी आणि एफ काढले होते ना, तेच दोघं इथे कामाला येतात. म्हणून सुरुवात पाच सुरांवर करायची आणि हे दोन मसाल्यासारखे नंतर टाकायचे.

आणि गाऊन बघा. लाज वाटली तर दार लावून. मधे श्वास घ्यायला जागाच नसेल तर नोट्स जास्त झाल्यात, तिथून दोन-तीन उडवा.

डिले लावताना डॉटेड एट्थ निवडा, म्हणजे तीन घरांचा उशीर. १२८ बीपीएमला तो साधारण ३५२ मिलिसेकंद होतो. तुमच्या मेलडीतले सूर १, ४, ७ असे तीन-तीन घरांवरच आहेत, त्यामुळे ईचा पडसाद डीवर आणि डीचा सीवर बरोब्बर पडतो आणि आपोआप दोन आवाजांची जोडी तयार होते. घाण वाजायला लागलं तर डिलेला दोष देण्याआधी बघा की बी-सी किंवा ई-एफ एकमेकांपासून तीन घरांवर आहेत का.

जागेचं म्हणाल तर कॉर्ड मधल्या सीच्या आसपास आणि मेलडी त्याच्या वरच्या सप्तकात ठेवा. मधला सी म्हणजे मिडी नोट ६०, हे आकड्यातच सांगतोय कारण काही सॉफ्टवेअर त्याला सी थ्री म्हणतात आणि काही सी फोर, आणि ट्युटोरियल बघताना त्यावरून उगाच घोळ होतो. डाव्या हाताचा खालचा मूळ सूर पियानोतून काढूनच टाका, तो बेसचं काम आहे, आणि उरलेल्या पियानोला १५० ते २०० हर्ट्झच्या खाली कट मारा.

शेवटी पट्टी बदला

सगळं ए मायनरमध्ये झालं, आता ते तिथेच ठेवायचं का हे बेस ठरवतो. क्लबच्या सबवूफरला साधारण ४० ते ६० हर्ट्झमध्ये सगळ्यात जास्त मजा येते. खालचा ए ५५ हर्ट्झला आहे, जी ४९ ला, एफ ४३.७ ला, ई ४१.२ ला. सी घ्याल तर एकतर ३२.७, जो बऱ्याच सिस्टीमवर नीट ऐकूच येत नाही, नाहीतर ६५.४, ज्यात छातीत धडधड कमी होते. म्हणून इतके डान्स ट्रॅक एफ मायनर, जी मायनर, ए मायनर अशा पट्ट्यांत सापडतात. ए मायनरवरून एफ मायनर हवं असेल तर सगळ्या नोट्स सिलेक्ट करून चार सेमीटोन खाली सरकवा, काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ देत, अंतरं तीच आहेत. तुमचा ट्रॅक डीजेंनी वाजवावा असं वाटत असेल तर फाइलच्या नावात की, म्हणजे ट्रॅकची पट्टी, लिहा. कॅमेलॉट चक्रात (जुळणाऱ्या पट्ट्या शोधायला डीजे वापरतात तो तक्ता) ए मायनर ८ए आणि एफ मायनर ४ए, आणि शेजारच्या आकड्याचे ट्रॅक एकमेकांत सहज मिसळतात.

सरकवताना ड्रम्सचा ट्रॅक सिलेक्शनमध्ये येऊ देऊ नका, नाहीतर ड्रम रॅकमध्ये किकच्या जागी भलतंच सॅम्पल वाजेल. किक तुम्ही 'ए'ला ट्यून केली असेल तर तिचा पिच मात्र सॅम्पलरमध्ये जाऊन वेगळा चार सेमीटोन खाली घ्या, आणि त्याने ती फारच ढिली, लांबट वाटायला लागली तर उतरवत बसू नका, एफमध्ये चांगली वाजणारी दुसरी किक शोधा.